'मानवी चूक' असं लिहिलं की चौकशी संपली का?

निळीशाई

माझा पुतण्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून एनडीएला गेला आणि आता दुंडीगलला, वायुदलाच्या अकादमीत आहे. पिलॅटस या प्रशिक्षण विमानावर उडायला शिकतोय. घरात सगळ्यांना अभिमान आहे आणि वहिनींच्या पोटात गोळाही आहे.

परवा दिवाळीआधीची आवराआवर करताना डिसेंबर २०२४ चा एक पेपर हाती लागला. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालाची बातमी होती. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत वायुदलाचे ३४ अपघात, त्यातले ९ एकट्या २०२१-२२ मध्ये. त्या यादीत ८ डिसेंबर २०२१ चा कुन्नूरचा अपघातही आहे, ज्यात जनरल बिपिन रावत गेले. कारणाच्या रकान्यात एवढंच: मानवी चूक, वैमानिक दल.

वहिनींनी ते वाचलं आणि मला विचारलं, "भाऊजी, म्हणजे चूक त्या गेलेल्या पोराचीच ना? मग आता कुणाला काय विचारायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे प्राथमिक निष्कर्ष आले होते ते मला आठवत होते. दरीत हवामान अचानक पालटलं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि चालू स्थितीतलं, ताब्यातलं हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही आणि निष्काळजीपणाही नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मग या सगळ्याचं तीन वर्षांनी 'मानवी चूक' या दोन शब्दांत काय होतं? ते दोन शब्द म्हणजे उत्तर आहे का? इथे वायुदलात, नौदलात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

पायवाट

वाचतोय. पुतण्याला खूप शुभेच्छा.

कृष्णाकाठ

मला यात गैर काही वाटत नाही. यंत्र ठीक होतं आणि माणूस चुकला, तर तसं लिहायला नको का? सैन्यात जबाबदारी ठरवावीच लागते. एसटीचा ड्रायव्हर दरीत गाडी घालतो तेव्हा आपण 'घाट चुकला' म्हणत नाही.

कानाचीडॉक्टर

@कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा समजला, पण दिशाभ्रम ही ड्रायव्हरच्या डुलकीसारखी गोष्ट नाही. हा माझाच विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव थोडा मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण वळण एकाच वेगाने चालू राहिलं तर पंधरा-वीस सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासं होतं. मग तुम्ही सरळ झालात की कान सांगतो, उलट्या बाजूला वळतोयस. घरी करून बघा. फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसा, कुणाला तरी एकाच वेगाने हळूहळू फिरवायला सांगा आणि नंतर थांबवायला सांगा. खुर्ची थांबलेली असेल आणि तुम्ही शपथेवर सांगाल की ती उलटी फिरतेय.

जमिनीवर डोळे उघडले की भ्रम जातो. ढगात डोळे उघडे असून बाहेर नुसता कापूस. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

लष्करी वैमानिकांना उपकरणांवर उडायला शिकवतात, ते मुरलेले असतात हे खरं. बंगळुरूला वायुदलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे, तिथे हा भ्रम मुद्दाम निर्माण करून अनुभवायला देतात. पण प्रशिक्षणाने कान बदलत नाही. कान खोटं बोलतोय हे माहीत असूनही तो खरा वाटत राहतो आणि त्याच क्षणी हातांनी डायलवर विश्वास ठेवायचा असतो. रावतांचं हेलिकॉप्टर सुलूरहून वेलिंग्टनला निघालेलं होतं, दोन्ही बाजूंना निलगिरीचे डोंगर. ढग आणि डोंगर यांच्यामध्ये विचार करायला १७८ सेकंदही नसतात.

गवतीचहा

डॉक्टर, नवऱ्याला खुर्चीत बसवून फिरवलं. तो अजून सोफ्याला धरून बसलाय. :)

मी सैन्यातली नाही, पण सासूबाईंकडची चार बर्नरची शेगडी आठवली. बर्नर दोनावर दोन आणि बटणं चारही एका ओळीत. पंधरा वर्षं सासूबाई आणि मी दोघीही चुकीचं बटण फिरवायचो, दूध उतू जायचं आणि बोलणी मला बसायची. नवी शेगडी आली, तिची बटणं बर्नरच्या मांडणीप्रमाणे होती. त्या दिवसापासून चूक बंद. बायका त्याच, दूध तेच.

चष्मिष्ट

@गवतीचहा, तुम्ही लिहिलंत तेच दुसऱ्या महायुद्धात घडलंय!

बी-१७ बॉम्बर सुखरूप उतरायचं, धावपट्टीवर धावू लागायचं आणि वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकंच मिटवायचा. विमान पोटावर बसायचं. नोंद: वैमानिकाची चूक. १९४३ मध्ये अमेरिकी सैन्याने अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला याचा छडा लावायला सांगितलं. त्याने वैमानिकांना दोष देण्याआधी कॉकपिटमध्ये बसून पाहिलं. चाकांचा आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी, दिसायला आणि हाताला अगदी सारखे. सी-४७ विमानात ते वेगळे होते आणि तिथे ही चूक होत नव्हती. त्याने एका खटक्याला रबरी चाक बसवलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. बघायची गरजच उरली नाही, बोटांना कळू लागलं. चूक थांबली. आजही विमानात चाकांच्या दांड्याच्या टोकाला चाकाचा आकार असतो.

याच बी-१७ चं मूळ रूप, मॉडेल २९९, ३० ऑक्टोबर १९३५ ला राइट फील्डवर चाचणीत पडलं होतं. जमिनीवर वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून लावतात ती खीळ काढायची राहून गेली. चालवणारे नवशिके मुळीच नव्हते, मुरलेले होते. दोघांचा जीव गेला. त्यानंतर 'आणखी चांगला वैमानिक आणा' असं कुणी ठरवलं नाही, उड्डाणापूर्वीची यादी आली. निळीशाईंचा पुतण्या आज गुडघ्यावर बांधून जी चेकलिस्ट वाचतो, तिचा जन्म त्या अपघातातला.

फडताळ

+१. शेगडीचं उदाहरण फार आवडलं.

कृष्णाकाठ

हे सगळं मान्य. पण सगळंच खटक्यांवर ढकलता येत नाही. २४ जून १९९४, अमेरिकेतला फेअरचाइल्ड तळ. बी-५२ सारखं आठ इंजिनांचं धूड घेऊन एका अनुभवी वैमानिकाने प्रदर्शनाच्या सरावात जमिनीलगत इतकं तिरकं वळण घेतलं की विमान कोसळलं आणि चौघे गेले. तिथे कान नाही, खटका नाही, ढग नाही. नियम मोडला. त्याला चूक तरी का म्हणायचं?

चष्मिष्ट

खरं आहे, चूक आणि बेशिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. पण तीच गोष्ट पुढे वाचा. तो वैमानिक जवळजवळ तीन वर्षं प्रदर्शनांत असाच उडत होता. वरिष्ठ बघत होते. कुणी तोंडी समज दिली, कुणी तेवढंही केलं नाही. त्याच तळावरच्या एका स्क्वाड्रनच्या प्रमुखाने त्याला उडू देऊ नका असं वर सांगितलं, ते मानलं गेलं नाही. तेव्हा त्याने ठरवलं की याच्यासोबत माझ्या मुलांना पाठवणार नाही, मी स्वतः बसेन. त्या दिवशी तो सहवैमानिकाच्या जागेवर होता. त्याचं कुटुंब खाली बघत होतं.

वैमानिक दोषी होताच. पण फक्त 'वैमानिक' लिहून थांबलं तर ते बघत राहिलेले वरिष्ठ सुटतात.

पायवाट

हे वाचून थोडा वेळ काही सुचेना.

दादरवाली

मला तर मिग-२१ आठवतं. आम्ही लहानपणापासून 'उडती शवपेटी' हाच शब्द ऐकत आलो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला ते निवृत्त झालं तेव्हा टीव्हीवर बघताना वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनींनी राज्यसभेत सांगितलं होतं की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले, ३९ नागरिक गेले. कारण दोन्ही, मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड.

ओझरकर

@दादरवाली, ते विमान आमच्या गावात बनायचं, म्हणून त्याला शवपेटी म्हटलं की लागतं. ओझरच्या एचएएलने, म्हणजे विमान कारखान्याने, पिढ्यान् पिढ्या घरं उभी केली. मी वायुदलात तंत्रज्ञ होतो, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो.

विमान अवघड होतं हे खरं. उतरताना वेग फार, चुकीला जागा कमी. पण त्यावर बसणारी पोरं कुठून येत होती ते बघा. किरणसारख्या साध्या, संथ विमानावरून थेट मिग-२१. मध्ये पायरीच नाही. अपघात पाहून ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये सांगितलं की प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्या. करार झाला २००४ मध्ये, हॉक विमानं बिदरला वायुदलात रीतसर दाखल झाली २००८ मध्ये. सव्वीस वर्षं. त्या सव्वीस वर्षांत जी पोरं उतरताना गेली, त्यांच्या फायलींमध्ये वैमानिकाची चूक असं लिहिलेलं असेल, तर त्या पानावर फाइल दाबून ठेवणाऱ्यांचीही सही असायला हवी. मी ती पोरं शिडीवर चढताना पाहिली आहेत. पट्टे आवळून द्यायचं काम आमचं असायचं.

निळीशाई

@ओझरकर काका, हे वहिनींना वाचून दाखवू की नको, हा विचार करतोय.

फडताळ

पुण्याच्या गाडगीळ दाम्पत्याची आठवण इथे यायलाच हवी. त्यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ, सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ मध्ये गेला. दोष त्याच्यावर आला. आईवडील गप्प बसले नाहीत. कविता गाडगीळ वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहिल्या, आणि पुढे वायुदलाने तो ठपका मागे घेतला. आपला मुलगा परत येणार नाही हे माहीत असताना इतरांच्या मुलांसाठी ती बाई उभी राहिली. निळीशाई, तुमच्या वहिनींना विचारता येतं, आणि विचारावंच.

ग्लासगोकर

मी स्कॉटलंडमध्ये राहते, म्हणून इकडचं एक सांगते. २ जून १९९४ ला ब्रिटिश वायुदलाचं चिनूक हेलिकॉप्टर उत्तर आयर्लंडहून निघालं आणि मल ऑफ किंटायरच्या डोंगरावर धुक्यात आदळलं. २९ जण गेले, त्यात उत्तर आयर्लंडच्या गुप्तवार्ता विभागांतले २५ अधिकारी. कॉकपिटमधलं बोलणं नोंदवणारं यंत्र नव्हतं, उड्डाणाची माहिती नोंदवणारंही नव्हतं. कुणी वाचलं नाही.

तिथल्या तेव्हाच्या नियमात एक गोष्ट होती. मेलेल्या वैमानिकाला दोषी धरायचं तर कोणतीही, कसलीही शंका शिल्लक नको. तरीही १९९५ मध्ये दोन वरिष्ठ एअर मार्शलांनी दोन्ही वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. त्या हेलिकॉप्टरच्या इंजिन नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरबद्दल खुद्द सरकारच्या चाचणी केंद्रातल्या लोकांना तेव्हा शंका होत्या. घरच्यांनी सतरा वर्षं लढा दिला. २०११ मध्ये लॉर्ड फिलिप यांच्या समितीने तो ठपका रद्द करायला सांगितलं आणि संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

मी एकदा तिथे गेले आहे. दगडांचं साधं स्मारक आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन होतं, आणि वीस मिनिटांत समुद्रावरून धुकं असं चढलं की पुढे चालणारी माझी मुलगी दिसेना. मी तिला हाका मारत उभी राहिले. तो वारा आणि ते धुकं विसरता येत नाही.

कृष्णाकाठ

'कोणतीही शंका शिल्लक नको' हा नियम आपल्याकडेही असावा. एवढ्यापुरता मी माझं पहिलं मत मागे घेतो.

पायवाट

मग बडगामचं काय म्हणायचं? २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, हवेत चकमक चालू असताना, श्रीनगरहून उडालेलं एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. वायुदलाचे सहा जण आणि खालचा एक नागरिक. त्यात आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्यांच्या अंत्यदर्शनाची गर्दी मला अजून आठवते, मी रांगेत उभा होतो.

ओझरकर

मीही होतो तिथे.

बडगामबद्दल एक गोष्ट मी मनापासून मानतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वायुदलप्रमुख भदौरिया पत्रकारांसमोर बसून म्हणाले की ही आमची मोठी चूक होती. 'आमची' म्हणाले. वैमानिक तर तिथे चुकलेच नव्हते. हेलिकॉप्टरची मित्र-शत्रू ओळख देणारी यंत्रणा, जमिनीवरचा रडार, क्षेपणास्त्र चालवणारे, हुकूम देणारे, या सगळ्यांच्या मध्ये ज्या फटी असतात त्या युद्धाच्या घाईत एका रेषेत आल्या. एवढ्या उंचीवरच्या माणसाने असं बोललं की खालच्या एअरमनलाही चूक सांगायचं बळ येतं.

आता निळीशाईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्याकडे आकडे नाहीत, एक गोष्ट आहे.

वायुदलात हत्यारांची फळी असते. प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रूड्रायव्हरची बाह्यरेषा तिच्यावर लाल रंगात रंगवलेली असते. हत्यार उचललं की लाल जागा उघडी पडते. काम झालं की सगळी हत्यारं परत लागतात, मोजली जातात आणि मगच विमानाच्या फॉर्म ७०० वर, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीवर, सही होते. एका तळावर, नाव सांगत नाही, रात्री साडेअकराला काम संपलं. पहाटे उड्डाण होतं. फळी बंद झाली, सही झाली, सगळे बिलेटवर, म्हणजे बराकीत, झोपायला गेलो. पाऊण वाजता एक पोरगं माझ्या खाटेशी उभं. वय वीस-एकवीस, घामाने चिंब. म्हणालं, "सर, छोटा टॉर्च माझा स्वतःचा होता, फळीवरचा नाही. मी इंजिनाच्या हवेच्या मार्गात घेऊन गेलो होतो. आता सापडत नाही."

फळीवर लाल जागा नव्हती. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पहाटे इंजिन सुरू झालं असतं आणि तो टॉर्च आत ओढला गेला असता. मग चौकशी, मग 'इंजिन बिघाड' किंवा 'मानवी चूक'.

आम्ही उठलो. फ्लाइट कमांडर साहेबांना उठवलं. उड्डाण रद्द झालं. चार माणसं रात्रभर त्या विमानात शिरली आणि पहाटे साडेचारला टॉर्च सापडला, हवेच्या मार्गातल्या एका कडेवर, पाटावर ठेवल्यासारखा. सकाळच्या रोल कॉलला साहेबांनी त्या पोराला पुढे बोलावलं. आम्हाला वाटलं, गेला हा. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, याने काल माझा जीव वाचवला. स्वतःचं हत्यार विमानाजवळ न्यायचं नाही हा हुकूम त्याच दिवशी फळीच्या वर लिहिला गेला.

पुढची माझी पोस्टिंग दुसरीकडे. तिथे अशाच एका पोराने एक स्क्रू हरवल्याचं आपणहून सांगितलं. त्याला चौदा दिवसांची शिक्षा झाली. त्यानंतर वर्षभर त्या तळावर एकही वस्तू हरवली नाही. कागदावर. मला त्या वर्षी रात्री झोप लागायची नाही.

कानाचीडॉक्टर

काका, हे असंच प्रत्येक तळावर वाचून दाखवायला हवं. आणि आमच्या ऑपरेशन थिएटरमध्येही. आम्हीही कापसाचे बोळे मोजतो.

दादरवाली

अवांतर, पण सगळंच माणसावर नसतं हेही लक्षात ठेवायला हवं. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर पडलं आणि तिघे गेले, तेव्हा रोटरखालचा स्वॉशप्लेट नावाचा भाग तुटलेला सापडला. सगळी ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर उभी केली गेली. तिथे पहिल्याच दिवशी 'वैमानिक चुकला' म्हणून हात झटकले असते, तर बाकीची उडत राहिली असती.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी काल रात्री वहिनींना सगळा धागा वाचून दाखवला. ला फाँटेन समितीची सव्वीस वर्षं ऐकून त्या उठून आत गेल्या, पाणी पिऊन परत आल्या आणि म्हणाल्या, पुढचं वाच.

आज रविवार, दुंडीगलहून फोन यायचा दिवस. त्यांनी पुतण्याला नेहमीसारखं 'जेवलास का' विचारलं नाही. विचारलं, "तिथे चूक सांगितली तर ओरडतात का रे?" तो जरा थांबला. मग म्हणाला, गेल्या आठवड्यात त्याने उतरण्याआधीच्या यादीतली एक ओळ वगळली होती, मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरांच्या लक्षात आली नव्हती. खाली आल्यावर त्याने स्वतः सांगितलं. सर म्हणाले, बरं झालं बोललास, कुठल्या ओळीपाशी लक्ष गेलं ते दोघं मिळून बघू. मग अर्धा तास ते रेडिओवरच्या कुठल्या संदेशाने तंद्री मोडली ते शोधत बसले.

वहिनी काही बोलल्या नाहीत, पण जेवल्या नीट.

त्यांनी ओझरकर काकांना एक विचारायला सांगितलंय. त्या टॉर्चवाल्या मुलाचं पुढे काय झालं?

ओझरकर

वहिनींना नमस्कार सांगा. तो मुलगा वीस वर्षं नोकरी करून सार्जंट म्हणून बाहेर पडला. शेवटची पाच वर्षं हत्यारांची खोली त्याच्याच ताब्यात होती. निवृत्तीच्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो होतो. गाडी बाहेर उभी, बायको-मुलं आत बसलेली, आणि हा फळीसमोर उभा राहून एकेक हत्यार बोट लावून मोजत होता. दोनदा मोजलं. मग चावी दिली.